मयत सभासदाची वही

“मयत माणूस पुस्तक नेतो का हो, बाई? तेही गेल्या गुरुवारी? स्वतः जिना चढून?”

साहेबांनी मला चिमटीत धरलं होतं, मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकायला न्यावा तसं.

“ते कसे येतील? मी नेलं,” नवसाबाई म्हणाली.

“पण वहीवर नाव आहे भिमाजी नामदेव विधाते. हे गृहस्थ वारून सहा वर्षं झाली. तुमच्याच मुलानं सांगितलं फोनवर.”

“मग खरंच सांगितलं पोरानं. नाव त्यांचं, डोळे माझे.”

“कागदावर याला बोगस सभासद म्हणतात, बाई.”

“बोगस बियाणं असतं, साहेब. माझ्या वहीला बोगस म्हणायचं नाय, आधीच सांगून ठेवते.”

त्या चिमटीत लोंबकळत होते ती मी. वही क्रमांक सत्तावन्न. बोलतेय ती मीच, आणि बोलायचा मला कंटाळा आलाय हेही सांगून टाकते. सत्तावीस वर्षं एका बाईच्या कमरेच्या पिशवीत काढली. मिरच्या, सुटे पैसे, तपकिरीची डबी यांच्या संगतीत. माझा पुठ्ठा मऊ पडलाय, कडा कुरतडल्यात. हे भांडण इथंच ठेवते थोडा वेळ. ते कुठं पळून जात नाही. अशी भांडणं मी आजवर चार पाहिली, ती घाईनं संपत नसतात.

पंचवटीच्या अंगाला, भाजीबाजाराच्या मागं एक दगडी जिना आहे. वर एक लांबट खोली. पाटीवर भलंमोठं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे म्हणतात ‘बाजारातलं वाचनालय’. खोलीची मालकी प्रभाग कचेरीची, पुस्तकं लोकांची. तिथून पुस्तक घरी न्यायचं तर माझ्यासारखी वही लागते. वर सभासदाचं नाव, आत रकाने. कुठलं पुस्तक, कधी नेलं, कधी आणलं, सही.

नाशिकरोडला नोटा छापतात, तसल्या मानाच्या छापखान्यात मी जन्मले नाही. रविवार कारंजाजवळच्या एका बोळात, लग्नपत्रिका छापून उरलेल्या पुठ्ठ्यातून दोनशे वह्या काढल्या, त्यांतली मी एक. कुठल्या तरी चिरंजीवाच्या लग्नाचा गणपती माझ्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अजून अर्धा आहे. मला कुणी शिकवलं नाही. जे माझ्यावर लिहिलं गेलं तेवढं मी शिकले, आणि पिशवीत शेजारी जे पुस्तक आलं त्याच्याकडून उरलेलं. म्हणून मी कुणाची मिंधी नाही.

नवसाबाईचंही तसंच. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा मळा. शेवंती, झेंडू, बांधाच्या कडेनं मेथी-कोथिंबीर. ती शाळेत गेली ती फक्त पोरांचे डबे द्यायला. अक्षरं शिकली पुड्या बांधायच्या रद्दीवरून. एक अक्षर आज, एक उद्या. बाजारातल्या ओट्यावर बसून गिऱ्हाईक नसेल तेव्हा. वर्तमानपत्राच्या पुड्या बांधायच्या आणि अर्धी बातमी गिऱ्हाइकाबरोबर निघून जायची. “पुढचं काय झालं ते मला कधी कळायचंच नाय,” ती सांगते. त्या अर्धवट बातम्यांनीच तिला एके दिवशी तो जिना चढायला लावला. सोबत भिमाजी होता, तिचा नवरा.

तेव्हाचे कारकून म्हणजे चष्म्यावरून बघणारे गृहस्थ. त्यांनी बाईकडं पाहिलंच नाही. रेशनकार्ड मागितलं, ते भिमाजीच्या नावाचं. “कर्ता कोण? नाव सांगा.” भिमाजीनं सांगितलं. “सही?” सही येत नव्हती. मग अंगठा. वाचनालयाच्या सभासदाचा अंगठा! कारकुनांना त्यात काही वावगं दिसलं नाही. भिमाजी मात्र खाली उतरताना हसत होता. “अगं, मला अक्षर येत नाय आन् वाचनालयात माझं नाव लागलं. तुला येतं तर तू भायेर.”

“राहू द्या,” नवसाबाई म्हणाली. “पुस्तक तर हातात आलं.”

इथं ती चुकली. मी तिची वही असून सांगते, चुकली. पण त्या दिवशी कुणाला कळणार? आधीचे छप्पन्न सभासद मास्तर, कारकून, पेन्शनर. आपापले अर्ज भरणारे. बाजारातला हा पहिलाच अर्ज. कारकुनांनी त्याची नक्कल करून भिंतीला लावली, ‘नमुना’ म्हणून. मग ओट्यावरच्या बाया येत गेल्या आणि नमुन्याबरहुकूम अर्ज भरत गेल्या. प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव घातलं. नमुन्यात अंगठा होता म्हणून लंकाबाईनं, जिला चांगली सही येते तिनं, नवऱ्याला बाजारातून ओढत आणून त्याचा अंगठा लावला. त्याला वाटलं सोसायटीचं काहीतरी काम आहे.

अशा एकशे चाळीस वह्या झाल्या. नावं सगळी बाप्यांची. जिना चढणाऱ्या सगळ्या बाया.

आता भिमाजीबद्दल सांगते, कारण माझ्यावर नाव त्याचं आहे.

तो वाचत नव्हता, पण त्याच्याइतका पुस्तकं खाल्लेला माणूस मी पाहिला नाही. संध्याकाळी जुड्या बांधायला दोघं बसायची. मी आणि पुस्तक शेजारी गोणपाटावर. ती दुपारी वाचलेलं सांगायची, तो बांधायचा. ती थांबली की तो एकच शब्द बोलायचा, “पुढं?” एकदा ती बांधावर बसून सांगत होती आणि तो पाटाच्या पाण्याची दारं धरून उभा होता. विहिरीत ढकललेल्या सुनेची गोष्ट होती. लक्ष सगळं त्या सुनेत. पाणी फिरवायचं राहिलं आणि शेवंतीचा अख्खा वाफा तुडुंब भरला. नवसाबाई ओरडली. तो म्हणाला, “ते मरू दे. तिला वर काढली का नाय, ते सांग.”

बाजारातही तीच तऱ्हा. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. तेव्हा शेजारच्या बाईला ओटा सांभाळायला सांगून एकेक जण वर जायची, वाचून यायची, आणि खाली येऊन ओट्यांच्या ओळीला सांगायची. माझ्यावर नोंद एका पुस्तकाची. ते ओट्या-ओट्यावरून फिरत कोपऱ्यातल्या चांगुणापर्यंत जायचं. चांगुणाला एक अक्षर येत नाही. पण सांगताना कुणी मधला प्रसंग चुकून पुढं-मागं केला तर ती सांगायची, “न्हाय गं, तो जहाजावर चढायच्या आधी आईला भेटला व्हता.” ग्रंथपाल ललितला हे सगळं ठाऊक. तीस वर्षं तो त्या वाचनालयात आहे. कारकुनांच्या हाताखाली आला तेव्हा त्याचे केस काळे होते. पुस्तकाला हळद, पीठ, मेथीची माती लागून आली तरी त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. फडक्यानं पुसायचा आणि कपाटात ठेवायचा.

माझे रकाने भरले की नवसाबाई मला नवी पानं जोडायची. हार ओवायच्या सुईनं, हाराच्याच दोऱ्यानं. त्यामुळं मी अशी फुगलेली. माझ्या मध्यावर अजून झेंडूचा पिवळा डाग आहे.

सहा वर्षांपूर्वी भिमाजी वारला. महिनाभर मी पिशवीतून बाहेर आले नाही. मग एका दुपारी ती वर आली, राहिलेलं पुस्तक परत केलं, दुसरं मागितलं.

ललित हळूच म्हणाला, “मावशी, नवी वही करून देतो. तुमच्या नावानं.”

“नको.”

“नियम आहे, मावशी.”

“ललितभाऊ, सातबाऱ्यावरून त्यांचं नाव गेलं. रेशनवरून गेलं. लाइटबिल पोरानं आपल्या नावावर केलं. इथं राहू दे. इथं कुणाला अडचन हाय?”

कुणालाच नव्हती. ललितनं तारीख घातली, पुस्तक दिलं. तेव्हापासून दर गुरुवारी माझ्यावर नोंद पडायची तेव्हा ती वरच्या नावावरून अंगठा फिरवायची. बस, एवढंच. रडणारी बाई नाही ती.

मग आली कचेरीची नोटीस. सिंहस्थ जवळ आला, सामान ठेवायला जागा हवी. वापरात नसलेल्या खोल्या ताब्यात घ्यायच्या. साहेब पाहणीला आले ते सकाळी अकराला. अकराला बाजार ऐन भरात असतो, वर कोण असणार? एक पेन्शनर पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. साहेबांनी लिहिलं: ‘वाचक आढळले नाहीत.’

“आमी दुपारी येतो, तर हे सकाळी बघायला येतात,” लंकाबाई म्हणाली. “रविवारच्या जत्रेला सोमवारी जायचं आन् देवळात कुणी नाय म्हनायचं.”

दाद मागायची कुणाकडं? निवडणुका लांबलेल्या, प्रभागात नगरसेवकच नव्हता. जुने होते ते म्हणाले, “आता मी कोण? पण बघतो.” ‘बघतो’ हा शब्द मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलाय की तो ऐकला की माझी पानं आपोआप मिटतात.

नवसाबाईनं ओळीत फिरून अर्ज केला. तिनंच लिहिला, ललितनं फक्त वेलांट्या पाहिल्या. पहिल्यांदा कचेरीत गेली तर टपाल घेणारे जेवायला गेलेले. दुसऱ्यांदा म्हणाले, ठेवून जा. ती ठेवून आली. तिसऱ्यांदा गेली तर असा अर्ज आलाच नाही. त्या दिवशी ती ओट्यावर येऊन बसली आणि बराच वेळ नुसतं कोथिंबिरीवर पाणी मारत राहिली. मग म्हणाली, “शिक्का मारलेली पोच हातात पडल्याबिगर तिथून कुणी हलायचं नाय. मी नाय, तू नाय, कुणीच नाय.” तेव्हापासून अर्जाची नक्कल घेऊन रोज एक बाई कचेरीत जायची. बाकीच्या तिचा ओटा सांभाळायच्या. चौथ्या बाईला पोच मिळाली. चांगुणा होती ती. अक्षर येत नव्हतं, पण शिक्क्याचा गोल ओळखून आली. म्हणे, “गोल पुरा उमटला नव्हता, म्हनून परत मारून घेतला.”

अर्जात मागणी एकच. पाहणी पुन्हा करा, मंगळवारी दुपारी तीनला या, आणि आमच्यासमोर बोला. आणि पुरावा म्हणून काय जोडलं? वाचनालयाची सभासद यादी! एकशे शहाण्णव नावं! नवसाबाईनं कोण फुशारकीनं ती यादी जोडली. त्या यादीत बाजारातल्या एकाही बाईचं नाव नाही, हे तिच्याही ध्यानात आलं नाही. सवय झाली होती ना.

कचेरीनं फोन लावले. एकेकाला.

“आपण वाचनालयाचे सभासद आहात का?”

“मी? नाय बुवा. राँग नंबर.”

“पुस्तकं नेता का?”

“अहो, मी चांदवडला कांद्याच्या ट्रकवर हाय, पुस्तकं कुठं नेऊ?”

लंकाबाईच्या नवऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की आमच्या घरात आजवर पुस्तक शिरलेलं नाही. त्या वेळी त्याच्या घरात पिठाच्या डब्याखाली एक जाडजूड रहस्यकथा होती, तीनशे बारा पानांची, आणि खून कुणी केला ते फक्त लंकाबाईला माहीत होतं. आणि नवसाबाईच्या मुलानं, त्याचा काय दोष, विचारलं तसं खरं उत्तर दिलं. वडील वारले. सहा वर्षं झाली.

‘सभासद यादी बोगस. एक सभासद मयत असून त्याच्या नावे पुस्तके जात आहेत.’ हा शेरा घेऊन साहेब त्या मंगळवारी तीनला जिना चढले. आणि तिथं मी त्यांच्या चिमटीत सापडले.

आता भांडणाकडं परत येते.

चौतीस बाया खोलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. टोपल्या जिन्याखाली, पुस्तकं मांडीवर. साहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले होते, आमच्यासारखेच. दिवसभरातली ही त्यांची सहावी जागा. त्यांनी रुमालानं मान पुसली.

“आजी, नियमानं बोलू. मयताच्या नावावर सभासदत्व चालू ठेवता येत नाही. यादीत खोटं एक नाव निघालं की सगळी यादी संशयात येते. हे नाव कमी करायला तुमची हरकत आहे का?”

ललित खाली बघत होता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं की साहेब काय मागताहेत.

“द्या ती वही इकडं,” नवसाबाई म्हणाली.

साहेबांनी मला दिलं. तिनं माझ्यावरच्या नावावरून एकदा अंगठा फिरवला, नेहमीसारखा. मग ललितच्या खिशातला पेन काढून घेतला. सहा वर्षं जे तिनं कुणाला करू दिलं नव्हतं ते तिनं स्वतः केलं. रेघ सरळ आली नाही. ‘विधाते’वर ती थोडी खाली घसरली.

“झालं? आता ह्या खोलीचं बोला.”

“एक नाव गेलं हो. बाकीची एकशे एकोणचाळीस?”

“तीबी आमीच. नावं नवऱ्यांची घातली, ही आमची चूक. सगळ्यांच्या देखत कबूल करते. तुमी आमची लिहा. आत्ता. ह्या बसल्यात.”

एकेक जण उठून नाव सांगायला लागली. लंकाबाईनं सही केली, मोठी, लफ्फेदार, ओळीच्या बाहेर जाणारी. साहेबांनी हात वर केला.

“थांबा, थांबा. नावं सांगता येतात, मान्य. पण मोर्चाला माणसं आणतात तशा यांना आज गोळा करून आणलं नाही कशावरून? मांडीवर पुस्तक घेऊन कुणीही बसेल. या खरंच वाचतात, याला पुरावा काय?”

कोपऱ्यातल्या चांगुणानं मांडीवरचं पुस्तक पदराखाली घेतलं.

यावर नवसाबाई जे बोलली त्यानं भांडण संपलं. ते सांगितल्यावर मला काही बोलायचं नाही, म्हणून माझं राहिलेलं आधीच उरकते.

खोली वाचली. तशी अर्धीच. साहेबांनी ‘तूर्त जैसे थे’ असं लिहिलं, आणि ‘तूर्त’ला कचेरीत किती दिवस म्हणतात ते कुणालाच ठाऊक नसतं. एका भिंतीला बांबू आणि ताडपत्र्यांची थप्पी लागलीच आहे. वाचायचं टेबल खिडकीशी सरकवलंय. भिंतीवरचा जुना नमुना काढून ललितनं नवा लावला. त्यावर नाव नवसाबाईचं आणि खाली तिची सही. माझ्यावर ‘रद्द’चा शिक्का बसला. नियमानं मला फाडायला हवं होतं, पण ती मागून घेऊन गेली. आता मी तिच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात असते, हार ओवायच्या रिळाखाली. संध्याकाळी डबा उघडतो. जुड्या बांधताना ती अजून गोष्ट सांगते, एकटीच, आणि मधे थांबते तेव्हा ‘पुढं?’ विचारणारं कुणी नसतं. मी विचारते, पण माझा आवाज तिला ऐकू जात नाही.

थकलेय मी. पुन्हा नोटीस येईल, पुन्हा पोच घ्यावी लागेल, पुन्हा कुणी तरी ‘बघतो’ म्हणेल. त्या भांडणाला मी नसेन. तुम्ही असा. तुमच्या गल्लीतही असा एखादा जिना असेल; शेवटचा कधी चढलात, आठवून बघा. चढा. आणि वही करायची तर आपल्या नावानं करा. हे मी, दुसऱ्याच्या नावावर आयुष्य काढलेली, सांगतेय. भिमाजीचं नाव माझ्यावर होतं याचा मला अभिमान आहे. पण एकशे चाळीस जणी जिना चढत असून यादी बोगस ठरली, तीही त्याच नावांपायी.

एवढंच माझं. आता तिचं.

साहेबांनी विचारलं होतं, पुरावा काय. नवसाबाईनं मला कमरेच्या पिशवीत खोचलं, कपाटापाशी गेली, त्याची दोन्ही दारं सताड उघडली आणि बाजूला उभी राहिली. मग पदराखाली पुस्तक घेऊन बसलेल्या चांगुणाकडं बघत, साहेबांना म्हणाली:

“ह्यातलं कुठलंबी पुस्तक काढा, मधूनच कुठंबी उघडून चार ओळी वाचा, आन् ह्या खोलीतल्या तुमाला वाटेल त्या बाईला इचारा, पुढं काय झालं.”